बीडच्या दुष्काळाला पहिला एपिसोड नव्हता

'जेरिको' या अमेरिकन मालिकेचा दुसरा एपिसोड पावसाबद्दल आहे. पहिल्या एपिसोडमध्ये कान्सस राज्याच्या पश्चिम भागातल्या एका छोट्या, काल्पनिक गावाला क्षितिजावर, डेन्व्हर शहराच्या दिशेने, अणुस्फोटाचा ढग दिसतो. दुसऱ्यात त्याच दिशेने पावसाचे ढग येऊ लागतात. पाऊस पडला तर किरणोत्सर्गी धूळ घेऊन खाली येणार. मग सगळं गाव आसरा शोधायला धावतं. सरकारी तळघरं पुरत नाहीत, उरलेल्यांना मिठाच्या खाणीत नेलं जातं. टीव्ही बंद, फोन बंद. बाहेरची बातमी कळते ती रेडिओवरच्या मोर्स कोडमधून, आणि तीही एकट्यालाच. मालिका सप्टेंबर २००६ मध्ये सीबीएसवर सुरू झाली. पहिल्या सीझननंतर ती बंद केली तेव्हा चाहत्यांनी चॅनलच्या ऑफिसात सुमारे २० टन शेंगदाणे पाठवून दिले, आणि चॅनलने घाबरून म्हणा किंवा हसून म्हणा, आणखी सात एपिसोड काढले. शेंगदाण्यांचा तो किस्सा मालिकेपेक्षा जास्त लोकांना माहीत आहे.

मी ही मालिका इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या हार्डडिस्कवरून पाहिली. मी बीड जिल्ह्यातला, पाटोदा तालुक्यातला. ढग येताना दिसले म्हणून माणसं रडताहेत, पळताहेत, दारं लावून घेताहेत, हे दृश्य आमच्याकडच्या माणसाला पचायला जरा वेळ लागतो.

पण मला त्या एपिसोडमधली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे सगळ्यांना माहीत असतं की जग कधी बदललं. एक ढग, एक क्षण, त्याच्या आधीचं आयुष्य आणि नंतरचं आयुष्य. पटकथा लिहिणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. पण बीडसारख्या जिल्ह्यावर जी खरी आपत्ती येते, तिला असा पहिला एपिसोड नसतो. आमच्या कामातलं उदाहरण द्यायचं तर, सर्व्हर धाडकन पडला की अलार्म वाजतो आणि रात्री दोनला सगळे लॉगइन होतात. तोच सर्व्हर तीन महिने रोज थोडाथोडा मंद होत गेला, तर कुणी उठत नाही. 'किती मंद म्हणजे बिघाड' हे आधी कुणीतरी बसून ठरवावं लागतं.

दुष्काळाच्या बाबतीत हे ठरवण्याचं काम सरकार करतं, आणि त्याची एक जुनी रीत आहे. पीक किती आलं याचा अंदाज रुपयात मांडायचा. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, म्हणून त्याला आणेवारी म्हणायचे. दशमान नाणी आल्यावर पैसेवारी झाली. गावातल्या काही शेतांत ठरावीक मापाचे तुकडे आखून तिथलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि त्यावरून साऱ्या गावाचा आकडा काढायचा. आज आपण बातम्यांत वाचतो की अमुक इतक्या गावांची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली. त्या आकड्यावर शेतसाऱ्याची सूट, कर्जवसुलीची स्थगिती, परीक्षा फीची माफी असं बरंच काही लटकलेलं असतं. म्हणजे स्फोटाचा ढग इथे तलाठ्याच्या कागदावर उमटतो, आणि तोही पीक जळून गेल्यावर.

शब्दाची गोष्ट तर याहून अजब आहे. ब्रिटिश काळात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे नियम, म्हणजे 'फॅमिन कोड', तयार झाले. 'फॅमिन' हा शब्द अशा कायद्यांत पुढेही राहिला. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा केला, तो फक्त एक शब्द काढून टाकण्यासाठी. राज्याला लागू असलेल्या सर्व कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळायचा आणि त्याजागी 'टंचाई' या अर्थाचा शब्द घालायचा. कारण असं दिलं की आता सरकारचं पिकांच्या स्थितीवर सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, त्यामुळे दुष्काळ पडायला वावच उरलेला नाही. हे वाचून हसू येतं, पण मी त्या कायद्याकडे निव्वळ विनोद म्हणून पाहत नाही. त्यात एक वचनही होतं: इथे कुणी उपाशी मरणार नाही. नऊ वर्षांनी ते वचन तपासलं गेलं.

१९७० पासून राज्याच्या बऱ्याच भागात पाऊस कमी पडत गेला. १९७१ ही तसंच गेलं. १९७२ चा पावसाळा तर जवळजवळ आलाच नाही. बीड जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर उत्तरेला गोदावरी आहे, मधून बालाघाटाची रांग जाते. गेवराई-माजलगावची बाजू काळ्या जमिनीची, तर आष्टी-पाटोद्याचा भाग माळरानाचा, मुरमाचा. जायकवाडीचं धरण तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली आणि इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं ते १९७६ मध्ये. माजलगाव धरण त्याच्याही नंतरचं. म्हणजे १९७२ साली या जिल्ह्याची ज्वारी-बाजरी बहुतांशी आभाळावर होती. बीड शहराजवळ निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबत खानाने बांधवून घेतलेली खजिना विहीर आहे. तिच्या भुयारांतून पाणी येतं आणि एका भुयारातून शेतीकडे वाहत जातं. ती कधी आटत नाही अशी तिची ख्याती. पण एक विहीर म्हणजे जिल्हा नव्हे.

माझ्या आजीने हा दुष्काळ पाहिला. तेव्हा ती पंचविशीच्या आतबाहेर होती, पदरात दोन लेकरं. मी तिला विचारलं होतं, दुष्काळ नक्की कधी सुरू झाला? ती म्हणाली, "दुष्काळ लागला कधी, ते कुणाला कळतंय का बाबा? पाऊस येईल, येईल म्हणता म्हणता हजेरीवर नाव लागलं."

हजेरी म्हणजे हजेरीपट. सरकारने दुष्काळी कामं काढली: खडी फोडणं, रस्त्यांवर माती टाकणं, बांधबंदिस्ती, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये, म्हणजे ऐन टोकाला, राज्यभर या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. इतकी माणसं रोज सकाळी एखाद्या माळावर जमतात, त्यांची नावं लिहिली जातात, संध्याकाळी मोजमाप होतं आणि त्यावर पैसे मिळतात. खडीचं माप ब्रासमध्ये, म्हणजे १०० घनफुटांत. आजी ब्रास हा शब्द आजही बरोबर वापरते, शाळेत एक दिवस न जाता. कामावर बायका प्रचंड होत्या. आणि फक्त भूमिहीनच नव्हे, तर ज्यांच्याकडे चांगली जमीन होती अशा घरांतलीही माणसं होती. आजीला खडीपेक्षा हेच जास्त आठवतं. ज्यांच्या वाड्यात ती खुरपायला जायची, त्या घरची सून शेजारी बसून हातोडा मारत होती. पहिले चार दिवस तिने पदर तोंडावरून काढला नाही. पाचव्या दिवशी काढला, कारण पदरातून दगड दिसत नव्हता आणि बोटावर बसत होती.

खायला काय होतं? मिलो आणि सुकडी. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोडसर पौष्टिक आहार, कामावरच्या लोकांना आणि मुलांना वाटला जायचा. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. मराठवाड्यात आजही साठी-सत्तरीच्या माणसाला 'मिलो' म्हणून बघा, चेहऱ्यावर लगेच काहीतरी उमटतं. भाकरी लाल व्हायची, थापताना चिरायची. लोक म्हणायचे, तिकडे हे जनावरांना घालतात. आणि ते खरंच होतं, अमेरिकेत मिलो मुख्यतः पशुखाद्य म्हणून पिकवतात. गंमत अशी की मिलो आणि आपली ज्वारी शास्त्रीयदृष्ट्या एकच वनस्पती आहे. शाळू खाणाऱ्या माणसांना त्याच पिकाचा दूरचा, लाल, रांगडा भाऊ जहाजातून आला. (गाजर गवतही मिलोबरोबरच आलं, असं आमच्याकडे सर्रास सांगतात. ते खरं नाही. पुण्यात ते पन्नाशीच्या दशकातच सापडलं होतं. पण दुष्काळाच्या नावावर काय काय खपतं!)

आता परत कान्ससकडे जाऊ, कारण ही गोष्ट मला खूप उशिरा कळली. अमेरिकेत मिलो सर्वांत जास्त पिकवणारं राज्य कान्सस आहे. आजीच्या तव्यावरचा मिलो नेमक्या कुठल्या शेतातला, हे पोत्यावर लिहिलेलं नसणार. पण 'जेरिको' ज्या मुलखात घडते, तो मिलोचाच मुलूख. आणि त्या मुलखाने आपला प्रलय अणुबॉम्बच्या कितीतरी आधी पाहिला होता. १९३० च्या दशकात तिथे वर्षानुवर्षं पाऊस हटला, गवताळ जमीन नांगरून उघडी पाडलेली, आणि वाऱ्याने मातीच उडून जाऊ लागली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी ओक्लाहोमा, कान्सस आणि टेक्सासच्या भागांवर धुळीची एवढी मोठी भिंत चालून आली की भरदिवसा अंधार झाला. अनेकांना वाटलं, जगाचा शेवटच आला. तो दिवस 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो. म्हणजे त्यांच्या दुष्काळाला निदान एक फोटो तरी मिळाला. सत्तर वर्षांनी त्याच मैदानावर मालिका काढताना मात्र त्यांनी बॉम्ब निवडला. दुष्काळ पडद्यावर धरता येत नाही, म्हणून असेल.

आपल्याकडच्या पडद्याचीही एक तारीख आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. ऐन त्याच हंगामात, जेव्हा बीडमध्ये खरीप हातचं गेलं होतं आणि रब्बी पेरायला ओल नव्हती. मराठवाड्यातल्या खेड्यांत टीव्ही दिसायला पुढे अनेक वर्षं जावी लागली. मालिकेत गावाचे टीव्ही बंद पडल्यामुळे त्याला बाहेरचं काही कळत नाही. इथे टीव्ही नव्हताच, त्यामुळे बाहेरच्यांना गावाचं कळत नव्हतं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं होती म्हणून थोडं तरी कळलं.

अशा मालिकांचा एक ठरलेला सिद्धांत असतो: पुरवठा तुटला की आठवडाभरात शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखतो. १९७२-७३ च्या महाराष्ट्रात पुरवठा खरोखरच तुटला होता. राज्याचं धान्याचं उत्पादन कोसळलं होतं. त्यात दुसऱ्या राज्यातून खासगी व्यापाऱ्याला धान्य आणायला बंदी होती, आणि केंद्राकडून मागितलं तेवढं मिळत नव्हतं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा सविस्तर अभ्यास केला. अमर्त्य सेन यांच्याबरोबरच्या लेखनात त्याच काळातल्या आफ्रिकेतल्या साहेल प्रदेशाशी तुलनाही आहे. माणशी धान्य महाराष्ट्रात साहेलपेक्षा कमी होतं, तरी साहेलमध्ये माणसं मोठ्या संख्येने भुकेने मेली आणि इथे तसं झालं नाही. कारण इथे हातात मजुरी पडत होती. मजुरी आली की बंदी असो नसो, धान्य चोरवाटांनी का होईना बाजारात येत होतं. जनावरं मात्र गेली. बाजारात कवडीमोलाने विकली गेली, काही दावणीलाच मेली.

याचं श्रेय नुसतं सरकारला देणं मला पटत नाही. कामं आपोआप निघाली नाहीत. लोक तहसीलवर मोर्चे घेऊन गेले, कामांवर मजुरी कमी पडली म्हणून बसून राहिले, विरोधी पक्षांनी रान उठवलं. तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन महागाईविरोधात रस्त्यावर उतरल्या. वसंतराव नाईकांच्या सरकारला निवडणुका लढवायच्या होत्या आणि विधानसभेत उत्तरं द्यायची होती. मालिकेतल्या गावात महापौर आणि त्याची पोरं गाव वाचवतात. इथे कुणी नायक नव्हता. हजेरीपट होता, आणि त्यावर नाव लावून घेण्यासाठी केलेली भांडणं होती.

आणि शेजारी शेजाऱ्यावर उठला नाही, हेही पूर्ण खरं नाही. १९७२ च्या मे महिन्यात, शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दलित स्त्रियांना विवस्त्र करून मारहाण झाली. दलित पँथर त्याच वर्षी मुंबईत उभी राहिली, आणि तिच्यामागे ज्या घटनांचा संताप होता त्यांत ही एक होती. प्रलयानंतर माणूस जनावर होतो असं मालिका सांगते. ब्राह्मणगावात जे झालं त्याला प्रलयाची गरज नव्हती. पाणवठे वेगळे होतेच. पाणी खाली गेलं तेव्हा ते फक्त नागडं दिसलं. आजीला विचारलं, कामावर प्यायचं पाणी कसं होतं? ती म्हणाली, माठ होते. किती माठ? ती जरा थांबली. "दोन," म्हणाली.

पाण्याचीच आणखी एक गोष्ट जवळच्या जालन्यात घडली. तिथल्या मिशनच्या लोकांनी साठीच्या दशकाच्या शेवटी, सत्तरीच्या सुरुवातीला कडक खडकात कूपनलिका खोदायला सुरुवात केली. तोवरचे ओतीव लोखंडाचे हातपंप गावभर वापरले की मोडायचे, म्हणून त्यांनी दणकट पोलादी पंप बनवला. त्याला जालना पंप म्हणत. त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप आला आणि युनिसेफच्या साथीने त्यातून 'इंडिया मार्क २' तयार झाला. गावोगावी शाळेजवळ उभा असलेला तो निळसर-करडा हातपंप तुम्ही नक्की हापसला असेल. पुढे तो जगभर गेला. इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट फार आवडते, आणि मराठवाड्याचा म्हणून ती पुढे सांगवत नाही. खडकाखालचं पाणी काढता येतं हे कळल्यावर ते काढायला हातपंपच लागतो असं नाही, हेही कळलं. मोटारी बसल्या, ऊस आला, बोअर खोल खोल जात राहिली. बाहत्तरला अन्न नव्हतं पण विहिरीत थोडं तरी पाणी होतं, आता रेशन मिळतं पण पाणी नाही, असं आमच्याकडचे म्हातारे म्हणतात. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचं कलम १४४ लागलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. जेरिकोच्या लेखकाला हे सुचलं असतं तर त्याने नक्की वापरलं असतं.

बाहत्तरच्या कामांतून एक कायदा निघाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला होता: जो काम मागेल त्याला काम द्यायचं. दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. म्हणजे आता पैसेवारीच्या आकड्याची वाट पाहायची नाही. दुष्काळ कधी सुरू झाला हे तलाठ्याने नव्हे, काम मागणाऱ्या माणसाने ठरवायचं. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. केंद्राचा २००५ चा कायदा याच वाटेने आला.

या हमीला पैसा लागणार होता. तो कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारांकडून. त्यासाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर सुरू केला. तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराच्या स्लिपवर 'प्रोफेशन टॅक्स' अशी एक ओळ असते. बहुतेकांचे दरमहा २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात. माझ्या पहिल्या पगारातूनही ते गेले. टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं की हे कशाचे. एकाने सांगितलं, काहीतरी म्युनिसिपालटीचं असेल.

हमी आली तरी बीड थांबलं नाही. दुष्काळी कामं संपली तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने ऐन भरात होते आणि त्यांना तोडणीला माणसं हवी होती. बाहत्तरनंतर बालाघाटावरच्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ओघ वाढत गेला. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडी धरायची, नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. गावात मागे राहतात म्हातारी आणि शाळेतली पोरं. आजी-आजोबाही सहा हंगाम गेले. माझे वडील त्यातले तीन हंगाम पाचटाच्या कोपीत होते, म्हणून त्यांची शाळा दोनदा सुटली.

आमच्या गावचा पाझर तलाव १९७३ चा. त्याच्या भरावावर आजीने माती टाकली आहे; कुठल्या बाजूला, तेही ती सांगते. तलावात आता अर्ध्याहून जास्त गाळ आहे. मध्यंतरी गाळ काढायची योजना आली तेव्हा ट्रॅक्टरवाले आले आणि ज्यांची जमीन जवळ होती त्यांनी तो वावरात टाकून घेतला. आम्हाला चार ट्रॉल्या मिळाल्या.